नवलची सव्वा मूठ

१३ जुलै, रविवार

ही वही सारिकानं दिली. धुळ्याला तिच्या सेंटरवर औषधवाले नव्या वर्षाला वाटून जातात म्हणे. जाड पुठ्ठा, मध्ये रेशमी दोरी. जानेवारीपासून कोरीच पडली होती. पोरगी म्हणाली, "आजी, तू दिवसभर बोलते, आम्ही कामात असतो. त्यापेक्षा लिहीत जा."

मी चौथी शिकलेली. पण अक्षर बरं आहे. माझं माहेर धुळ्याकडचं, म्हणून बोलताना तोंडात "आहे"ऐवजी "शे" येतं अन् इथं सासरी असोद्यातल्या बायका अजून हसतात. पन्नास वर्षं हसू राहिल्या. लिहिताना कोण हसणार?

बुधवारी आम्ही धुळ्याला जाणार. नवलच्या काळजाचा फोटो काढायला. आणि तो फोटो काढणार कोण, तर आमची सारिका! केवढं मोठं यंत्र आहे ते, एका खोलीत मावत नाही म्हणे, ते माझी नात चालवते. तिच्या आजोबांना, रुपचंदला, सायकलची चेन चढवता येत नव्हती.

नवल माझा एकुलता एक. जूनमध्ये केळी कापणीच्या दिवशी त्याच्या छातीत दुखायला लागलं. केळी घेणाऱ्या अन्वरभाईंचा ट्रक बांधावर उभा होता. नवल सोडा प्याला, त्यानं लिंबू चोखलं, आणि घड वाहून ट्रक भरून दिला. घरी येऊन आडवा झाला. मला वाटलं गॅस धरला. मी बेंबीला हिंग चोळला, सकाळपर्यंत चोळत होते. सकाळी घाम फुटला तेव्हा जळगावला नेलं. डॉक्टर रागावले, "काल आणायचं होतं." पण आला ना घरी जिवंत? आमच्या कुलदेवीनं, कानबाईनं राखला.

आता डॉक्टरांना बघायचंय की काळजाची नळी उघडायची, का मोठं ऑपरेशन करायचं, का काहीच नको. त्यासाठी आतलं मांस जिवंत किती, हे त्या यंत्रातून दिसतं. मला तर काळजी वाटतच नाही. काल दोन भाकरी खाल्ल्या त्यानं.

१६ जुलै, बुधवार

किती लिहू अन् काय लिहू!

अन्वरभाईंनी स्वतःच्या गाडीतून नेलं. सेंटर म्हणजे थंडगार, लग्नाच्या हॉलसारखी फरशी. सारिका निळ्या कपड्यात. मी ओळखलंच नाही आधी. तिच्या हाताखाली दोन माणसं! तिनं नवलच्या अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावलं. अंगठी, घड्याळ, कमरेचा चांदीचा करदोडा. तो लहानपणापासूनचा, तीनदा वाढवून घेतलेला. नवल म्हणे, "माय, सांभाळ. पोरीनं लंगोटी तेवढी राहू दिली, उपकार तिचे." ज्योती, माझी सून, तोंडाला पदर लावून हसली. जूननंतर पहिल्यांदा हसली.

मला आत जायची परवानगी नव्हती, पण सारिकानं काचेच्या खोलीत तिच्या मागं स्टूल दिलं. "आजी, इथं बोलायचं नाही हं." मी नवलचा करदोडा मुठीत धरून बसले.

यंत्र म्हणजे मोठी पांढरी विहीर आडवी पाडलेली. त्यात नवलला सरकवलं. मग जो धडधडाट सुरू झाला, जणू पत्र्यावर कोणी मुसळं मारू राहिलं. सारिका माईकमध्ये बोलायची, "पप्पा, श्वास घ्या. सोडा. आता थांबा." तो थांबला की इकडे चित्र उमटायचं. असं वीस-पंचवीस वेळा. मी पण काचेमागं त्याच्यासोबत श्वास धरून बघितला. सत्तर वर्षांची मी, माझा टिकला, त्याचा मध्येच सुटला. चार-पाच वेळा मी जिंकले. मला हसू आलं. सारिकानं वळून बघितलं नाही.

मधल्या वेळात मी हळूच विचारलं, "केवढं असतं गं काळीज?"

"मुठीएवढं. ज्याची जेवढी मूठ, तेवढं त्याचं काळीज."

मग तर नवलचं दांडगंच असणार. त्याची मूठ म्हणजे घरात चेष्टेचा विषय. श्रावणात कानबाईच्या रोटाला, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांना, आमच्या घरात प्रत्येक पुरुष आपल्या हातानं सव्वा मूठ गहू घालतो, तर नवलची मूठ पडली की माझे धाकटे दीर छगन नाना म्हणतात, "वैनी, या एकट्यानंच जातं भरलं."

मग हाताच्या शिरेतून औषध दिलं. दहा मिनिटं थांबले. पुन्हा धडधडाट. आणि मग जे दिसलं ते या डोळ्यांनी बघितलं. काळी गोल कड, आणि त्या काळ्यात एका बाजूला पांढरंशुभ्र फुटलेलं. आमच्या काळ्या मातीत दिवाळीपूर्वी कपाशी फुटते, तश्शी. मोठी कोर होती, चंद्राची असते तशी. मी म्हटलं, "हे पांढरं काय गं, बाई?"

सारिका पडद्याकडेच बघत म्हणाली, "तिथं औषध पोचलं, आजी."

औषध पोचलं! मी हात जोडले. एवढं सगळं पोचलं एका सुईत! मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर घामानं ओली. त्या गार खोलीत. जबाबदारीचं काम, दुसरं काय. म्हणाली, "आजी, बाहेर बस. मला मोजमाप घ्यायचंय." पोरगी फार कामाची शे.

१७ जुलै

सकाळी गूळखोबरं वाटलं. अठ्ठावीस घरं. भिकुबाईकडं जास्त बसले, कारण तिचा मुलगा पण दवाखान्यात आहे अन् तिला धीर हवा. तिला सांगितलं, "या डोळ्यांनी पाहिलं, काळजात कपाशी फुटल्यासारखं औषध भरलंय." ती म्हणे, "नशीबवान आहे वो अक्का तुम्ही."

नवलला पण तेच सांगितलं. हळूहळू त्याचा चेहरा उजळला. "खरंच पाहिलं?" म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या बापाची शप्पथ."

१९ जुलै, शनिवार

रिपोर्ट घ्यायला ज्योती एकटीच जळगावला गेली. सारिका धुळ्याहून थेट डॉक्टरांकडे आली. नवलला म्हणाल्या, कशाला उन्हात येता, बसा घरी.

संध्याकाळी आल्या. ज्योती ओट्यावर चढली, चप्पल काढली, आणि म्हणाली, "ऑपरेशनची गरज नाही म्हणाले."

मी तर नाचायचीच बाकी राहिले. नवलनं दोन्ही हात वर केले. छगन नाना शेजारून आले, त्यांच्यासाठी चहा ठेवला. ज्योती चुलीकडे तोंड करून बराच वेळ बसली. गॅस असताना चूल कशाला पेटवली, विचारलं तर म्हणे पाणी तापवते. डोळे लाल झाले होते, धुरानं.

डॉक्टरांनी एक लहान मशीन छातीत बसवायचं सांगितलंय म्हणे, नाशिकला. कातडीखाली, आगपेटीएवढं. काळीज मध्येच थबकलं तर ते झटका देतं. सारिका म्हणाली, "पप्पा, पुढच्या आठवड्यातच जाऊ." नवल म्हणाला, "ऑपरेशन नको, पण मशीन हवं? मग मी बरा झालो का नाही झालो?"  मीच म्हटलं, "राहू दे गं. कानबाई झाल्यावर बघू. त्याच्यात औषध भरपूर भरलंय."

ज्योतीच्या हातून बशी पडली. फुटली नाही, स्टीलची होती.

२४ जुलै, गुरुवार

नवलच्या अंगावर आता मूठभर मांस आलंय. पाय तर असे भरले की चपलेचा पट्टा रुतू राहिला. जूनमध्ये काड्या झाल्या होत्या. मी ज्योतीला म्हटलं, "बघ, माझ्या हातच्या भाकरीचा गुण." तिनं भाजीत मीठ घालणं बंद केलंय, डॉक्टरांचं ऐकून. पण मी त्याला चोरून लोणचं देते. बिनमिठाचं कोणाला बाळसं येतं?

झोपताना दोन उशा घेतो. काल तिसरी मागितली. लाडावलाय.

२९ जुलै, नागपंचमी

पुरणाची दिंडं केली. नवलनं एकच खाल्लं, पोट फुगल्यासारखं वाटतं म्हणाला.

दुपारी अन्वरभाई आले. पुढच्या कापणीचं विचारायला. नवल त्यांच्यासोबत बागेपर्यंत गेला. लांब नाही, शाळेच्या मागं. यायला एक तास लागला. अन्वरभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "अक्का, भाऊ तीन ठिकाणी बसला. बोलताना पण थांबतो."

मी म्हटलं, "आता विचार करून बोलतो तो. शहाणा झाला."

 अन्वरभाई चहा न घेता गेले. त्यांचं असं कधी होत नाही. आमच्या घरचा चहा त्यांनी नाकारला तो एकदाच, रुपचंद गेले त्या दिवशी.

सारिकाचा फोन रोज येतो. नवल फोन उचलत नाही. म्हणतो, "पोरगी शिकली, तिला यंत्राशिवाय काही दिसत नाही. माझ्या मायनं डोळ्यांनी पाहिलंय." मला बरं वाटलं ऐकून. या वयात कोण आपल्या आईचं एवढं मानतो?

२ ऑगस्ट, शनिवार

 आजचं सगळं लिहून ठेवते.

सकाळच्या गाडीनं सारिका आली. उद्या कानबाई बसणार, म्हणून आली असं मला वाटलं. आल्या आल्या बापाच्या पायाशी बसली, नडगीवर अंगठा दाबला अन् काढला. खड्डा पडला. भिजवलेल्या कणकेत बोट रुतावं तसा खड्डा, आणि तो भरेना. आम्ही तिघी बघत होतो. नवल म्हणाला, "खेळणं आहे का गं?"

सारिका उठली, मला हाताला धरून मागच्या दारी, गोठ्यापाशी घेऊन गेली.

"आजी, ते पांढरं म्हणजे मेलेलं."

मी म्हटलं, "औषध पोचलं म्हणाली होती ना?"

"पोचलं ना. ते औषध मेलेल्या मांसातच साचून राहतं. जिवंत मांस त्याला धुऊन टाकतं, म्हणून ते काळं दिसतं. काळं ते जिवंत, आजी. पांढरं ते मेलेलं. पुढची सगळी भिंत गेलीये. निम्म्या काळजाला थोडं कमी."

"मग ऑपरेशन नको का म्हणाले?"

"मेलेल्याला रक्त देऊन काय करणार?"

 मी तिला वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुझी जीभ कुठं गेली होती त्या दिवशी? ती रडत नव्हती. म्हणाली, "आम्हाला सांगायची परवानगी नसते, ते डॉक्टरांचं काम. आणि तू हसत होतीस, आजी. मी वळले तर तू हात जोडून हसत होतीस. मग डॉक्टर म्हणाले, पप्पांना घाबरवू नका, हळूहळू सांगा. मम्मी म्हणाली, अक्काला तर नकोच, आजोबा गेले तेव्हा सहा महिने अंथरूण धरलं होतं. पण त्याआधीच तू गावभर गूळ वाटून आली होती. आता ते माझं ऐकत नाहीत, मम्मीचं ऐकत नाहीत. ठोका कधी बिघडेल सांगता येत नाही. परवा ते वाजंत्रीपुढं नाचणार आहेत."

नवल दरवर्षी नाचतो. कानबाई नदीवर बोळवायला निघाली की सगळ्यात पुढं तोच.

मी विचारलं, "जूनमध्ये त्याच दिवशी नेलं असतं तर?"

 ती म्हणाली, "तू मुद्दाम नाही केलं, आजी." म्हणजे काय ते मला कळलं.

दुपारी गहू मोजायचे होते. नवं वस्त्र अंथरलं, त्यावर सूप. आमच्याकडे रीत अशी की गहू मोजल्यापासून कानबाई बोळवेपर्यंत घरात वाईट शब्द काढायचा नाही. मेलं, गेलं, संपलं, काही नाही. रोट फक्त घरच्यांनी खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, आणि उरवायचे नाहीत. हे मला सासूनं लग्नाच्या पहिल्या श्रावणात शिकवलं, आणि मी ज्योतीला शिकवलं.

छगन नानांनी मूठ घातली. त्यांच्या मुलानं, प्रेमराजनं घातली. मग नवल आला, भिंतीला धरून बसला, श्वास घेतला, आणि मूठ भरून सुपात सोडली. वर पाव मूठ. छगन नाना म्हणाले, "जातं भरलं, वैनी!" सगळे हसले.

मी त्याचे गहू बाकीच्यांत मिसळले नाहीत. सुपातच राहू दिले.

"नवल, इकडे बघ. माणसाचं काळीज त्याच्या मुठीएवढं असतं. हे तुझं."

बोटानं मी ढीग मधून फाडला. दोन केले.

"हा एवढा मेलाय. जूनमध्येच मेला, मी हिंग चोळत होते तेव्हा. मी काचेतून जे पांढरं पाहिलं ते हे. ती कपाशी नव्हती. मला कळलं नाही अन् मी तुला बापाची शप्पथ घालून सांगितलं."

छगन नाना ओरडले, "वैनी! कानबाईच्या गव्हावर असं बोलतात का?"

"बोलू द्या मला. आणि हा दुसरा ढीग, नवल, हा दोघांचं काम करू राहिला. म्हणून तुझे पाय सुजले, म्हणून तुला तीन उशा लागतात. हा थकून कधी थांबेल ते पोरीलाही माहीत नाही. ते मशीन त्याच्यासाठी आहे. तू परवा नाचायचं नाही. तू नाशिकला जायचं."

 ज्योतीनं खाली बघितलं होतं. नवल सुपाकडे बघत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "गहू एक कर, माय."

उठला. दाराच्या चौकटीपर्यंत गेला आणि तिथं हात टेकून थांबला. श्वास पुरत नव्हता. आम्ही सगळे त्याला श्वास घेताना बघत होतो. आज पहिल्यांदा कोणी दुसरीकडे बघितलं नाही.

३ ऑगस्ट

कानबाई बसली. कानबाई म्हणून पुजायच्या नारळाला नथ मीच घातली. नवल माझ्याशी बोलला नाही. लोणच्याची बरणी मी भिकुबाईकडे देऊन आले.

४ ऑगस्ट, सोमवार

कानबाई ज्योतीच्या डोक्यावर होती. वाजंत्रीवाला भटू दरवर्षी आमच्या ओट्यापुढं थांबून नवलची चाल वाजवतो. यंदा पण वाजवली. त्याला कोण सांगणार? नवल खुर्चीतून उठला. एक हात वर गेला त्याचा. मी देवाचं नाव पण घेतलं नाही, नुसती बघत राहिले. हात तसाच वर राहिला, मग डोक्यावर आला, मग दोन्ही जोडले गेले. खाली बसला.

भटूनं चाल मध्येच तोडली अन् पुढं गेला.

ज्योती नदीवरून परत आल्यावर नवल म्हणाला, "पिशवी भर. नाशिकची." माझ्याकडे न बघता.

गावात बायका बोलू राहिल्या की प्रमिलाबाईनं, म्हणजे मी, गव्हावर अपशकुन केला. बोलू द्या. गूळ खाताना गोड लागला होता त्यांना.

८ ऑगस्ट, नाशिक

तीन दिवस नुसतं पायातलं पाणी उतरवत होते. पाय पुन्हा काड्यांसारखे झाले. मी त्या सुजेला बाळसं म्हणत होते.

आज मशीन बसवलं. डॉक्टर तरुण आहेत. मी विचारलं, "साहेब, मेलेलं परत उगवतं का?" म्हणाले, "नाही, आजी. हे फक्त राखण करेल." किती दिवस, ते विचारायला गेले, पण सारिकानं माझा हात दाबला. घड वाहणं कायमचं बंद. बाग अन्वरभाईंना करायला द्यायची असं ज्योती म्हणत होती. नवलनं नुसती मान हलवली.

सारिका सांगत होती, आता त्याला त्या यंत्रात सहज घालता येणार नाही. म्हणजे आतलं पुन्हा बघायचं तर अवघड. बरं झालं. मला बघता येत नाही हे एकदा कळलंय.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीचा दिवस. वॉर्डात सगळीकडे बहिणी.

त्याच्या मुठीचा रोट मी घरून बांधून आणला होता. तेलगुळाचा, जाड, टिकतो. आठवडा होत आला, पण त्याच्या वाटणीचा दुसऱ्यानं कसा खायचा? ते दोन ढीग मी त्या दिवशी एक केले नव्हते. दोन पुड्या बांधून ठेवल्या होत्या. पण जात्याला कुठं कळतं? मी आधी एक घातली, मग दुसरी, खाली पीठ एकच पडलं.

हे मी त्याला सांगितलं. तो ऐकत होता. डाव्या खांद्याखाली पट्टी, हात बांधलेला. सात दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला.

"माय, कपाशी वेचून झाली का?"

 मी म्हटलं, "झाली."

"किती निघाली?"

"तू खा आधी."

उजव्या हातानं त्यानं रोट मोडला. मध्येच मोडला, बरोबर दोन भाग. एक हळूहळू खाल्ला, प्रत्येक घासाला थांबून. दुसरा माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटवली. त्याची मूठ अजून तेवढीच मोठी आहे, माझी आख्खी मूठ तिच्यात बसते.

"मला आता जात नाही," म्हणाला आणि डोळे मिटले.

रोट उरवायचा नसतो. त्याच्या उशाशी बसून, तो झोपला आहे हे बघत बघत, उरलेला अर्धा मी खाल्ला.